पैसे देऊन चालायचे? होय, एकदा चालून पाहाच!

“आरं, आमी आविश्यभर चाललो. तवा कुनी एक पैसा दिला न्हाई. आन् तुमी पैसं दिऊन चालाया निगालाय व्हय?”

ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईचा हा प्रश्न. जानेवारीतला शनिवार होता, पहाटेचे साडेचार वाजले होते. मी, माझी पत्नी आणि अकरावीत शिकणारी आमची मुलगी, तिघेही पाठीला पिशव्या लावून दारात उभे होतो. डोंगरवाटांवर लोकांना घेऊन जाणाऱ्या एका संस्थेबरोबर आम्ही दोन दिवसांच्या पदभ्रमंतीला निघालो होतो. पहिल्या दिवशी भाजे लेणी व लोहगड, दुसऱ्या दिवशी बेडसे लेणी. माणशी पैसे आधीच भरले होते. आईच्या प्रश्नाला त्या घाईत उत्तर सुचले नाही. आम्ही हसलो आणि निघालो. पण तो प्रश्न दोन दिवस माझ्याबरोबर डोंगर चढत होता.

चालणे आपल्याला नवे नाही

वाचक बंधु-भगिनींनो, आईचे म्हणणे खोटे नाही. आपल्या समाजाइतके कोण चालले असेल? गावकीच्या काळात येसकर म्हणून सांगावा घेऊन, सरकारी टपाल घेऊन, साहेबाच्या घोड्यापुढे धावत आपलेच पूर्वज चालत होते. रात्र असो, पाऊस असो, बोलावणे आले की निघायचे. या वतनी गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने बंद झाली. माझ्या आजोबांनी हे चालणे केले आणि आईने ते लहानपणी डोळ्यांनी पाहिले. पुढे मुंबईत आल्यावर गिरणीत, गोदीत, महापालिकेच्या कामावर जाताना बसचे पैसे वाचवण्यासाठी आपली माणसे मैलोन्‌मैल चालली.

म्हणून आपल्या घरात चालणे म्हणजे कष्ट, असे गणित पक्के बसले आहे. सुट्टी मिळाली की झोपावे, लग्नकार्य उरकावे, गावी जाऊन यावे. हौसेने डोंगर चढणे हे पांढरपेशांचे खूळ, असे मीही वर्षानुवर्षे मानत आलो. मुलीने कॉलेजातून या सहलीची माहिती आणली तेव्हा मी नाहीच म्हणालो होतो. ती एवढेच म्हणाली, “पप्पा, भाज्याची लेणी आपली. मग ती बघायला आपणच का जायचं नाही?” या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

“आडनाव काय आपलं?”

लोणावळ्याच्या पुढचे स्टेशन मळवली. पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने तिथे उतरलो तेव्हा सव्वीसजण जमले होते. आयटी कंपनीतली मुले, एक निवृत्त शिक्षक, दोन बँकवाल्या बहिणी, एक डॉक्टर पतिपत्नी आणि आम्ही. आमचा म्होरक्या पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याने सर्वांची मोजदाद केली, पुढे कोण व शेवटी कोण चालणार ते ठरवले आणि शेवटच्या माणसाच्या मागे कुणीही राहायचे नाही, अशी ताकीद दिली. हे मला आवडले. कामाच्या ठिकाणीही अशी शिस्त असावी असे वाटले.

ओळखी होत असताना बँकवाल्या बहिणींतल्या थोरलीने माझ्या पत्नीला विचारले, “आडनाव काय आपलं?” पत्नीने सांगितले. “अच्छा,” एवढेच त्या म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या. त्यांच्या मनात काही होते की नव्हते, मी सांगू शकत नाही. कदाचित नाडी खरोखरच सुटली असेल. पण असा क्षण आपल्या माणसाला ओळखू येतो. नव्या माणसांत मिसळताना तो आपल्या बरोबरच चालतो. मंडळाबरोबर जाणाऱ्या आपल्या कितीतरी मुलामुलींनी मला नंतर सांगितले की, डोंगराची भीती वाटत नाही, स्टेशनवरच्या त्या पहिल्या प्रश्नाची वाटते.

लेण्यांत कोण बोलणार?

भाजे गावातून पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोहोचलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. बावीस लेण्यांचा हा समूह. मधोमध भव्य चैत्यगृह. त्याचे अष्टकोनी खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, कारण कारागिरांनी लाकडी इमारतीची रीत दगडात उतरवली. छताच्या लाकडी कमानी वर पाहा, दोन हजार वर्षांनंतरही त्या तिथे आहेत. थोडे पुढे गेले की चौदा स्तूप दाटीवाटीने उभे. काहींवर त्या काळच्या थेरांची नावे कोरलेली आहेत. तिथे आम्ही तिघांनी नकळत हात जोडले.

तेवढ्यात म्होरक्याने सांगायला सुरुवात केली, “ही लेणी पांडवांनी वनवासात एका रात्रीत खोदली असं म्हणतात...”

मी पत्नीकडे पाहिले. पत्नीने मुलीकडे पाहिले. इकडे दोन मुले फोटो काढण्यासाठी एका स्तूपावर टेकून चढू पाहत होती. मी मनात म्हणत होतो, जाऊ दे, दोन दिवस यांच्याबरोबर काढायचे आहेत. पण पत्नी पुढे झाली. ती चार घरची धुणीभांडी करते, फार बोलत नाही. ती त्या मुलांना म्हणाली, “बाळांनो, खाली उतरा. ह्या आमच्या थोर भिक्खूंच्या समाध्या आहेत. तुमच्या आजोबांच्या समाधीवर चढाल का?” मुले शरमून उतरली. एकाने “सॉरी काकू” म्हटले.

मग मुलीने हात वर केला, जसा वर्गात करतात तसा. “दादा, ही पांडवांची नाहीत. ही बौद्ध भिक्खूंची आहेत. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाला एका जागी राहायचे म्हणून विहार, आणि वंदनेसाठी चैत्य. घाटातून व्यापाराची वाट जात होती. त्या वाटेवरच्या लोकांनी दान देऊन ती कोरून घेतली. कुणी काय दिलं ते शिलालेखात आहे.”

क्षणभर सगळे गप्प. म्होरक्या रागावेल असे वाटले. पण तो मुलगा सरळ होता. म्हणाला, “ताई, मला जे सांगितलं होतं तेच मी सांगत आलो. तुम्हाला माहीत आहे तर तुम्हीच सांगा.” मुलीने दहा मिनिटे सांगितले. निवृत्त शिक्षकांनी वहीत टिपून घेतले.

बंधु-भगिनींनो, मी त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. आपला इतिहास आपण सांगितला नाही तर दुसरा कुणीतरी काहीतरी सांगणारच. भांडण करावे लागत नाही. हात वर करावा लागतो आणि अभ्यास करून जावे लागते.

पाण्याची बाटली

भाज्याहून लोहगडाकडची वाट चढणीची आहे. जानेवारी असूनही अकरानंतर ऊन लागले. माझ्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. म्होरक्याने मला पुढे घेतले व सर्वांना माझ्या चालीने चालायला सांगितले. “ग्रुपचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग,” असे तो म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेगाने पळणाऱ्या माणसाला हे वाक्य किती गोड वाटते, ते मीच जाणतो.

खिंडीच्या अलीकडे त्या बँकवाल्या थोरल्या बाई मटकन खाली बसल्या. चेहरा लाल झाला होता, बाटली रिकामी होती. बहीण बरीच मागे होती. जवळ आम्हीच. माझ्या पत्नीने आपली बाटली पुढे केली. बाईंनी बाटलीकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले. मग बाटली घेतली, तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायल्या. पत्नीने त्यांना मीठ-साखरेची पुडी दिली, ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली. त्यानंतर दोन दिवस त्या “वहिनी, वहिनी” करीत पत्नीच्याच बरोबर चालल्या. संध्याकाळी लोहगडवाडीत एका घरी पिठले-भाकरीचे जेवण होते. सगळे एका पंगतीला बसलो. बाईंनी स्वतः उठून आम्हाला वाढले.

माणूस एका बाटलीने बदलतो, असा माझा दावा नाही. परत गेल्यावर त्या कशा वागतील, मला माहीत नाही. पण डोंगरावर एकमेकांच्या आधारावाचून चालता येत नाही, एवढे खरे. निसरड्या दगडावर पुढच्याचा हात धरावाच लागतो, मग तो कुणाचा का असेना.

बाबासाहेबांची सहल

त्या रात्री शेकोटीपाशी मला बाबासाहेबांच्या सहलीची आठवण झाली. होय, बाबासाहेबही सहलीला गेले होते! १९३४ मध्ये चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की, तुम्ही बरोबर याल तर आपण स्थळदर्शनाला जाऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीसजण नाशिकला जमले आणि बसने औरंगाबादकडे निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद दिसला. काहींनी सहज तोंड-हातपाय धुतले. इतक्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, हाणामारीची वेळ आली. बाबासाहेबांनी त्यांना खडसावून विचारले की, आम्ही तुमच्या धर्मात आलो तर मग पाणी बाटणार नाही काय? तेव्हा जमाव थंडावला. किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर. त्यासाठी बरोबर हत्यारी शिपाई दिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

विचार करा. परदेशांत शिकून आलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदा गाजवलेला नेता, आणि किल्ला पाहताना मागे शिपाई! तोही वाट दाखवायला नव्हे, पाण्याला हात लावू नये म्हणून. त्याआधी सात वर्षे, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते.

आज आमच्या पुढे चालणारा मुलगा आम्हाला वाट दाखवतो, थकलो तर हात देतो. हा फरक आपोआप पडलेला नाही. त्यासाठी कुणीतरी त्या हौदापाशी अपमान गिळला आहे आणि महाडला डोकी फोडून घेतली आहेत.

बेडशाचे टाके

दुसऱ्या दिवशी पायथ्याला उतरून गाडीने बेडसे गावात गेलो. तिथून सुमारे चारशे पायऱ्या. ही लेणी फारशी गजबजलेली नाहीत. दोन प्रचंड खडकांमधल्या अरुंद बोळातून आत जावे लागते आणि एकदम समोर उंच खांब येतात. वर प्राण्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले. आत साध्या स्तूपापुढे शांतता. शेजारचा विहारही वेगळा, त्याचे छत चैत्यगृहासारखे कमानदार आहे. या वेळी म्होरक्याने आधीच जाहीर केले, “इथली माहिती ताई सांगतील.” त्यांनी रात्री मुलीशी बोलून ठरवले होते.

मुलीने सगळ्यांना पाण्याच्या टाक्यापाशी नेले. त्यावरचा लेख सांगतो की, हे टाके एका स्त्रीचे दान आहे. महाभोजाची कन्या, महारठिनी सामडिनिका. भाज्यालाही असेच एका टाक्याचे दान महारठी विण्हुदताच्या नावावर आहे. मुलगी म्हणाली, “दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईनं वाटसरूंना, भिक्खूंना पाणी मिळावं म्हणून डोंगर फोडून हे टाकं दिलं. पाण्याचं दान करणारी आपली परंपरा आहे, पाणी तोडणारी नाही.”

मी बाजूला जाऊन चष्मा पुसला.

तथागत पंचेचाळीस वर्षे पायी फिरले, गावोगाव धम्म सांगत. भिक्खूसंघही पायीच फिरला. ज्या वाटांवर ते चालले त्या वाटेवर ही लेणी आहेत. म्हणजे आईच्या प्रश्नाचे उत्तर इथेच होते. चालणे दोन प्रकारचे. एक दुसऱ्याने हाकलले म्हणून चालणे, एक स्वतःच्या मनाने चालणे. पहिले आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले. दुसरे आपल्याला परत मिळवायचे आहे.

जाण्यापूर्वी हे विचारा

आपली मिळकत मोजकी. म्हणून अशा सहलीला पैसे भरण्याआधी चौकशी करावी. शेजारच्या चाळीतला एक तरुण कोकणात सायकलच्या सफरीला गेला होता. मागून टेम्पो येईल असे सांगितले होते, तो आलाच नाही. चाक पंक्चर झाले तेव्हा तो दिघीच्या जेट्टीपर्यंत सायकल ढकलत गेला. दुसरी एक भगिनी यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या शिबिरात गेली. पाठपिशवी व झोपायची पिशवी तिला तिथेच मिळाली, हवा अंगवळणी पडावी म्हणून आधी तळावर थांबवले, दारू-सिगारेटला सक्त मनाई. ती फार समाधानाने परतली. तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. आयोजकांची नोंदणी आहे का, ते विचारा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते.

२. किती माणसांमागे किती वाटाडे? प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे? जवळचा दवाखाना कुठे? उत्तर टाळले तर पैसे भरू नका.

३. पैशांत काय काय येते? जेवण, राहणे, गाडी, लेण्यांचे तिकीट. रद्द झाल्यास पैसे परत किती? लिहून घ्या.

४. मुलींची झोपण्याची व शौचाची सोय वेगळी आहे का, हे आईवडिलांनी न लाजता विचारावे.

५. बूट चांगल्या पकडीचे हवेत, पण नवे कोरे नकोत. पाणी माणशी दोन-तीन लिटर. टोपी, विजेरी, मीठ-साखर, रोजची औषधे. हृदयविकार, दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

६. अत्तर लावू नका, लेण्यांजवळ आरडाओरड व धूर करू नका. आग्यामोहोळ उठले तर जिवावर बेतते.

७. पावसाळ्यात रविवारी भाजे-लोहगडाकडे तोबा गर्दी असते. लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्याने ती कमी होणार नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी थंडीचे दिवस निवडावेत.

विहारातून निघू या

शेवटी एक सूचना. दुसऱ्याच्या मंडळाबरोबर जरूर जा, नवी माणसे भेटतात, शिस्त कळते. पण आपल्या प्रत्येक बुद्धविहाराने वर्षातून एकदा स्वतःची पदभ्रमंती का काढू नये? मळवलीपर्यंत रेल्वे आहे. गावातल्या भगिनी माणसे आधी कळवली तर जेवण करून देतात. विहारातली दोन मुले चांगल्या संस्थेत डोंगराचे व प्रथमोपचाराचे शिक्षण घेऊन आली तर वाटाड्याही घरचाच. खर्च निम्म्याने खाली येईल. एका मुलाने आधी वाचन करून लेण्यांची माहिती सांगायची, एकाने सर्वांत मागे चालायचे, एकाने पाणी सांभाळायचे. चाळीस वर्षांचा बाप आणि चौदा वर्षांची पोरगी एकाच वाटेवर चालतील, तेव्हा घरात होत नाहीत त्या गोष्टी बोलल्या जातील. माझ्या मुलीशी मी दोन दिवसांत जेवढे बोललो तेवढे वर्षभरात बोललो नव्हतो.

रविवारी रात्री घरी पोहोचलो. आई जागीच होती. पायाला गरम पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, “तितं पानी प्यायला कुनी आडवलं न्हाई ना रं?”

“नाही आई,” मी म्हणालो. “एका बाईनं तर आपल्याच बाटलीतलं पाणी पिलं.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंग मला बी ने की एकदा. लई चढ नसंल तितं.”

येत्या महिन्यात तिला कान्हेरीला नेणार आहोत. बोरिवलीच्या उद्यानातून बस जवळपर्यंत जाते. थोड्याच पायऱ्या. आमच्या विहारातल्या आणखी पाच आज्यांनी नावे दिली आहेत. त्यांच्या वेगाने चालायचे ठरले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!